पाहणी आणि पाहुणचार

राष्ट्रीय सेवा योजनेचे हिवाळी शिबिर आटोपून विद्यार्थी परत आले की दोन प्रकारचे लेखन होते. एक अहवालाचे. त्यात श्रमदान, प्रभातफेरी, आरोग्यतपासणी आणि कुटुंब-सर्वेक्षण यांची नोंद येते. दुसरे वहीतले किंवा हल्ली मोबाईलमधले. त्यात सुरगाण्याकडे जाणारा घाट, धुक्यातला हातगड, शेवटच्या दिवशी पाहिलेले सापुताऱ्याचे तळे आणि चुलीवरची नागलीची भाकरी असते. पहिल्या लेखनात आपण समाजसेवक असतो, दुसऱ्यात पर्यटक. माणूस मात्र एकच, आणि ज्यांच्या दारात तो उभा राहतो ती माणसेही तीच. त्यांच्या लेखी आपण नेमके कोण असतो?

मी दोन वर्षे अशा शिबिरांना गेलो आहे, आणि या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे वाचले व पाहिले ते येथे मांडत आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, सर्वेक्षणाचा कागद हातात आला म्हणजे आपण पर्यटक उरत नाही हा समज खरा नाही. उलट या समजामुळेच, साध्या पर्यटकाला जे नियम पाळावेच लागतात ते आपण बिनदिक्कत मोडतो. ‘पाहणी’ आणि ‘पाहुणा’ हे शब्द ऐकायला सख्खे भाऊ वाटतात, पण त्यांची घराणी वेगळी आहेत. पाहणी ‘पाहणे’ या क्रियापदातून आली, तर पाहुणा संस्कृत ‘प्राघुणक’ या शब्दातून. पाहणी करणारा आपोआप पाहुणा होत नाही, हे भाषेलाही ठाऊक असावे!

राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली ती 24 सप्टेंबर 1969 रोजी, गांधीजन्मशताब्दीच्या वर्षात. प्रारंभी 37 विद्यापीठे आणि सुमारे 40 हजार विद्यार्थी तिच्यात होते. खेड्यात जाऊन विद्यार्थ्याने शिकावे हा तिचा एक हेतू होता आणि खेड्याची सेवा करावी हा दुसरा. व्यवहारात दुसऱ्या हेतूचा गवगवा अधिक झाला. आपण ‘दत्तक’ गाव म्हणतो. वडीलधाऱ्यांनी भरलेले गाव अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांनी दत्तक घ्यायचे, यातली गंमत एकदा तरी कुणाच्या लक्षात यायला हवी होती.

रॉबर्ट चेंबर्स या इंग्रज अभ्यासकाने 1983 साली ग्रामीण विकासावर एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या पहिल्याच प्रकरणात त्याने ‘ग्रामविकासाचे पर्यटन’ असा एक शब्दप्रयोग केला आहे. शहरातून अधिकारी, संशोधक, देणगीदार निघतात, गाडीने खेड्यात जातात, काही तास किंवा काही दिवस फिरतात आणि गरिबी पाहून आल्याचे समाधान घेऊन परततात. त्यांना दिसते ते खोटे नसते, पण निवडक असते. ही निवड कोणत्या कारणांनी होते ते सांगताना चेंबर्सने सहा प्रकारचे कल दाखवले आहेत. सगळ्यांचा परामर्श येथे घेत नाही, पण त्यातले तीन आपल्या जिल्ह्याला इतके लागू पडतात की लेखक पेठ नाक्यावरून बसमध्ये बसला होता की काय अशी शंका यावी.

पहिला कल रस्त्याचा. नाशिकहून पेठकडे किंवा वणीमार्गे सापुताऱ्याकडे निघालो की डांबरी सडकेच्या दोन्ही अंगांना जी गावे लागतात, त्यांची पाहणी पुन्हा पुन्हा होते. शाळा, ग्रामपंचायत, दवाखाना, दुकान हे सारे सडकेलगत. सडकेपासून दोन डोंगर आत असलेल्या पाड्यावर जायचे तर चालावे लागते. शिबिराचे वेळापत्रक चालण्याला अनुकूल नसते, कारण साडेबाराला जेवण असते.

दुसरा कल ऋतूचा, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपली शिबिरे डिसेंबर-जानेवारीत भरतात. परीक्षा झालेल्या असतात, हवा छान असते, वाटा सुकलेल्या असतात. भात आणि नागली घरात येऊन पडलेली असते. या दिवसांत एखाद्या घरात डोकावून कणगी पाहिली तर ‘धान्याची स्थिती समाधानकारक’ असेच लिहावे लागेल. तीच कणगी आषाढ-श्रावणात पाहावी. सुरगाणा आणि पेठ या तालुक्यांत नाशिक शहरापेक्षा कितीतरी अधिक पाऊस पडतो. नार, पार, दमणगंगा या नद्या तो पाऊस घेऊन पश्चिमेला गुजरातकडे जातात. पावसाळ्यात शेतात काम सर्वांत जास्त, घरात दाणे सर्वांत कमी, रोगराई सर्वांत अधिक आणि वाटा बंद. 1992 साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला, तो प्रदेश आपल्या त्र्यंबकेश्वर-पेठच्या डोंगरांना लागूनच आहे. आणि ज्या भागात असा धो धो पाऊस पडतो, तेथेच चैत्र-वैशाखात बायका हंडे घेऊन झऱ्याकाठी रात्र काढतात. डिसेंबरचा पाहुणा यातले काहीच पाहत नाही. तो येतो तेव्हा घर आवरलेले असते, जणू काळानेच ते त्याच्यासाठी आवरून ठेवले आहे.

त्यातही एक मौज आहे. डिसेंबरात गावात असते कोण? दिवाळी झाली की पाड्यांवरून टोळ्या निघतात. कुणी निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत, कुणी कांद्याच्या लावणीला. मुकादम उचल देतो, गाडी येते, घरेच्या घरे कुलूपबंद होतात. आम्ही दारोदार जात होतो तेव्हा कित्येक ठिकाणी म्हातारी माणसे आणि लहान मुले एवढीच भेटली. एका आजोबांनी विचारले, “पोरं नाशिकला गेली कामाला. तुम्ही नाशिकचेच ना? तिकडे भेटली नाहीत का?” त्यांचे म्हणणे अगदी वाजवी होते. ज्यांची माहिती गोळा करायला आम्ही साठ-सत्तर किलोमीटर आलो होतो, ती माणसे आमच्याच शहराच्या उंबऱ्यावर पालात उतरली होती. तेथे त्यांना कुणी पाहुणा म्हणत नाही, आणि त्यांच्याकडे आमची कुटुंबे पाहण्याचा कोणताही छापील कागद नसतो.

तिसरा कल शिष्टाचाराचा. येथे मात्र विषय अवघड होतो, कारण आतापर्यंत मी पाहुण्याच्या रीतीची बाजू घेत आलो आणि चेंबर्स म्हणतो की रीतच पुष्कळदा गरिबी झाकते. शिबिर आले की सरपंच किंवा पोलीसपाटील घरी बोलावतात. खाट टाकतात. कोरा चहा येतो. दुधाचा चहा आला तर समजावे की कुणाला तरी दूध आणायला दूर पिटाळले आहे. मग गप्पा होतात, आणि यजमानांना सोडून उठणे बरे दिसत नाही. तासाभराने पाहावे तर सूर्य कललेला, आणि गावाच्या टोकाला असलेली चार कातकरी घरे राहून गेलेली. एका घराशी सौजन्याने वागताना दुसऱ्या घराचे अस्तित्वच कागदावरून पुसले गेले. पर्यटकाचे यात काही बिघडत नाही, त्याला कातकऱ्यांच्या झोपड्या पाहायच्याच नसतात. पाहणी करणाऱ्याचे बिघडते. यावर माझ्यापुरता मार्ग मला एवढाच दिसला की चहा शेवटी घ्यावा. आधी टोकाची घरे, मग मधली, आणि संध्याकाळी सरपंचांकडे. दुसऱ्या वर्षी आमच्या गटाने तसे करून पाहिले. सरपंच रागावले नाहीत. उलट “फिरून आलात, आता बसा” म्हणाले.

‘सेवा’ या शब्दाचाच समाचार घेणारे एक भाषणही या संदर्भात आठवते. 1968 साली मेक्सिकोतील क्वेर्नावाका येथे, सुटीत मेक्सिकन खेड्यांत सेवेसाठी जाणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांच्या चळवळीपुढे इव्हान इलिच यांनी ते केले. आमंत्रण देणाऱ्यांच्याच तोंडावर त्यांनी सांगितले की तुमच्या सदिच्छेचा येथे काही उपयोग नाही. तुम्हाला आमची भाषा येत नाही, आमचे प्रश्न कळत नाहीत, आणि तुम्ही नकळत तुमच्याच राहणीची जाहिरात करीत असता. त्यांच्या बोलण्याचा रोख असा होता की पाहायला या, डोंगर चढायला या, शिकायला या, मात्र मदत करायला येऊ नका. मला हे सर्वस्वी मान्य नाही. डॉक्टर पाड्यावर जातो तेव्हा त्याने पर्यटक म्हणूनच जावे असे कोण म्हणेल? परंतु आम्ही डॉक्टर नव्हतो. कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी होतो, आणि दोन दिवस खपून जो मातीचा बंधारा घातला तो पाड्यावरच्या चार माणसांनी अर्ध्या दिवसात घातला असता.

इलिच यांच्या म्हणण्यातला एक भाग सापुताऱ्याच्या रस्त्यावर डोळ्यांनी दिसतो. हातगड-बोरगाव परिसरातल्या शेतकऱ्यांनी अलीकडच्या काळात स्ट्रॉबेरीची लागवड केली आहे आणि हंगामात सडकेच्या कडेला ते ती विकायला बसतात. गाडी थांबते, पर्यटक भाव करतो, खोके घेतो, पैसे देतो, निघून जातो. त्याला त्या शेतकऱ्याविषयी काडीची आस्था नसेल, पण त्याच्या थांबण्याने शेतकऱ्याच्या हातात काही पडते. आम्ही मात्र त्याच शेतकऱ्याचा पाऊण तास घेतो, उत्पन्न किती, कर्ज किती, जेवणात डाळ किती वेळा असे विचारतो, आणि आभार मानून उठतो. आस्था आमच्याजवळ भरपूर असते. हिशेब मांडला तर मात्र पर्यटक देणारा ठरतो आणि आम्ही घेणारे. म्हणून प्रत्येक उत्तराला पैसे मोजावेत असे मी सुचवत नाही, तसे केल्यास उत्तरेच बदलतील. पण शिबिराचा भाजीपाला, तांदूळ, नागली, अंडी नाशिकहून टेम्पोत भरून नेण्याऐवजी गावातून रास्त भावाने घेणे अशक्य नाही. आणि प्रश्न विचारताना समोरची बाई उभी आहे, तिच्या कमरेवर हंडा आहे, एवढे तरी दिसायला हवे.

आता छायाचित्रांविषयी. रामकुंडावर स्नान करणाऱ्या आपल्या आयाबहिणींवर परगावचे लोक कॅमेरे रोखतात, तेव्हा नाशिककराला काय वाटते हे वेगळे सांगायला नको. 2015 च्या सिंहस्थात ते आपण पुरते अनुभवले. तोच नाशिककर पाड्यावर गेला की नागडे पोर, मोडकी झोपडी आणि डोक्यावर मोळी घेतलेली म्हातारी यांचे फोटो न विचारता काढतो. कारण घाटावर तो यजमान असतो आणि पाड्यावर ‘सर्वेक्षक’.

तथापि फोटो काढूच नयेत असा सोवळेपणाही बरोबर नाही. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील शेंद्रीपाड्याचे उदाहरण सर्वांना आठवत असेल. तेथील बायका पाण्यासाठी तास नदीच्या खोल घळीवर आडव्या टाकलेल्या लाकडी बल्लीवरून, डोक्यावर हंडे घेऊन, ये-जा करीत. ती चित्रे वृत्तपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवरून राज्यभर गेली आणि जानेवारी 2022 मध्ये तेथे लोखंडी साकव उभा राहिला. मंत्री स्वतः पाड्यावर आले. अनेक वर्षांच्या अर्जांनी जे झाले नव्हते ते चित्रांनी झाले. म्हणजे फोटोने भले होऊ शकते. परंतु त्याच वर्षीच्या जुलैत पुराच्या पाण्यात तो साकव वाहून गेला. चित्र कोरड्या ऋतूतले होते, साकवही कोरड्या ऋतूतला निघाला. नदी पावसाळ्यात कोठवर चढते हे पाड्यावरच्या माणसांना ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. उभारणीच्या घाईत त्यांना ते कितपत विचारले गेले, हा खरा प्रश्न आहे.

सणांच्या बाबतीतही सरसकट एक नियम चालत नाही. चैत्र-वैशाखातला बोहाडा हा मुळी पाहण्यासाठी असतो. सोंगे निघतात, वाद्ये वाजतात, पंचक्रोशी लोटते, आणि परका प्रेक्षक आला तर जागा करून देतात. सोंगाचा मुखवटा हा देव असतो, तो हातात घेऊन स्वतःच्या तोंडाला लावून हसू नये, एवढे समजले म्हणजे पुरे. मार्गशीर्षातला डोंगऱ्यादेवाचा उत्सव वेगळा. व्रत घेतलेले ‘माऊल्या’ कडक नियम पाळतात, पावरीच्या सुरावर रात्रभर नाचतात आणि पौर्णिमेला डोंगरावर देवाच्या स्थानी जातात. नेमका हाच आपल्या शिबिरांचा काळ. एका शिबिरात काही उत्साही मुले चपला घालून, दिवे मारीत थेट रिंगणापाशी गेली आणि परत आल्यावर ‘लोकसंस्कृतीचा अभ्यास’ केल्याचे सांगू लागली. कुणी त्यांना हुसकले नाही. फक्त पावरी थांबली, आणि ते निघून जाईपर्यंत थांबलेलीच राहिली. हुसकणे ही आपली रीत आहे, त्यांची नाही.

सर्वेक्षणाच्या कागदातले एक कलम तर मुद्दाम सांगण्यासारखे आहे : ‘कसत असलेली जमीन किती?’ शहरात हा निरुपद्रवी प्रश्न वाटतो. सुरगाण्यात तो विचारला की समोरचा माणूस आधी तुमच्या बुटांकडे पाहतो. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन वनखात्याच्या नावावर, वनहक्काचा कायदा 2006 सालचा, दावे दाखल केलेले, कुणाला मोजणीत कमी क्षेत्र मिळालेले, कुणाचा दावाच फेटाळलेला. अशा वेळी कोण कुठला अनोळखी मुलगा वही उघडून विचारतो, जमीन किती? उत्तर येते, “नाही.” आणि आम्ही भूमिहीनांच्या रकान्यात खूण करतो. तो खोटे बोलला असे म्हणता येणार नाही. त्याने आमच्या प्रश्नाचे नव्हे, आमच्याविषयीच्या संशयाचे उत्तर दिले.

याच जमिनीसाठी मार्च 2018 मध्ये किसान सभेच्या नेतृत्वाखाली हजारो आदिवासी शेतकरी नाशिकहून मुंबईला चालत गेले. 6 तारखेला निघाले आणि सुमारे 180 किलोमीटर चालून 11 तारखेला मुंबईत सोमय्या मैदानावर उतरले. त्यांत सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण या भागांतली माणसे फार मोठ्या संख्येने होती. दुसऱ्या दिवशी दहावीची परीक्षा होती. सकाळी मोर्चा निघाला असता तर रस्ते तुंबले असते, मुले अडकली असती. म्हणून पायांना फोड आलेली ती माणसे रात्रीच उठली आणि पहाटेपर्यंत चालत आझाद मैदानावर जाऊन बसली. कुणाच्या गावात जायचे तर त्या गावाचा आज काय दिवस आहे, घरात कुणाची परीक्षा आहे, याचा विचार त्यांनी केला. आपली शिबिरे भरतात तेव्हा पाड्यावर कांद्याच्या लावणीची उचल फेडायची असते, डोंगऱ्यादेवाचे व्रत चालू असते. आपण तारखा ठरवतो त्या विद्यापीठाच्या परिपत्रकावरून आणि परीक्षांच्या वेळापत्रकावरून.

कोणी म्हणेल, मग गोदावरी परुळेकर वारल्यांमध्ये गेल्याच ना? गेल्या, 1945 साली. कायद्याची पदवी घेतलेली शहरी बाई डहाणू-उंबरगावच्या पाड्यांतून पायी हिंडली, त्यांच्यात राहिली. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे त्यांचे पुस्तक 1970 साली प्रसिद्ध झाले. मधल्या वर्षांत त्या पाहुण्या उरल्या नव्हत्या. पाहुणेपण संपायला वेळ लागतो आणि किंमत द्यावी लागते. सात दिवसांच्या शिबिरात ते संपत नाही, आणि संपल्याचा आव आणण्याचीही गरज नाही. सात दिवसांच्या माणसाने सात दिवसांचा पाहुणा म्हणून राहावे. परवानगी मागावी, वाढलेले खावे, झाडझूड करून निघावे, आणि जे पाहिले त्याची मालकी सांगू नये.

परवानगी म्हणजे तहसीलदारांचे पत्र नव्हे. सुरगाणा आणि पेठ हे तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात. 1996 च्या पेसा कायद्याने आणि राज्याच्या 2014 च्या नियमांनी तेथे ग्रामसभेला मोठे स्थान दिले आहे, अगदी एखाद्या पाड्याचीही स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते. तेव्हा शिबिराआधी दोघा-तिघांनी जाऊन ग्रामसभेपुढे कागद वाचून दाखवावा आणि कोणते प्रश्न ठेवावेत, कोणते गाळावेत हे विचारावे, असे मी आमच्या कार्यक्रम-अधिकारी सरांना सुचवले होते. त्यांनी ते मानले. जमिनीचे कलम पाड्याच्या सांगण्यावरून गाळले गेले. त्याऐवजी एका बाईने सुचवलेला प्रश्न घातला : पाण्याला जाऊन यायला किती वेळ लागतो, आणि कोणत्या महिन्यात?

त्या प्रश्नाची उत्तरे आम्ही महिनावार मांडली. अहवालाची एक प्रत नेहमीप्रमाणे महाविद्यालयात राहिली. दुसरी मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून पाड्यावर वाचायला नेली. वाचून होईपर्यंत तीन ठिकाणी दुरुस्त्या निघाल्या, त्यांतली एक अशी की वैशाखातला वेळ आम्ही कमी लिहिला होता, कारण त्या महिन्यात जवळचा झरा आटतो हे सांगणारी बाई आम्ही गेलो तेव्हा द्राक्षबागेत होती. ती दुरुस्ती करून प्रत ग्रामसेवकाकडे दिली आहे. सुटीपूर्वी आषाढात पाच-सहा जणांनी, शिबिराचा फलक न लावता, पुन्हा एकदा जाऊन यावे असे ठरते आहे. गाडी पाड्यापर्यंत जाणार नाही. छत्र्या आणि मुक्कामाचा शिधा ज्याने त्याने आणायचा आहे.